पुढच्या ब्रेकचं लिंबू

४ जानेवारी, रविवार
किलोमीटर: ४१,२०३
आजची चूक: काही नाही.

मॅडमनं सांगतलं म्हनून लिहून राह्यलो, नाहीतं सातवीनंतर मी सहीशिवाय काही लिहलं नाही. रोज तीन गोष्टी लिहायच्या: तारीख, किलोमीटर अन आजची चूक. कोनाले दाखवायचं नाही. मी म्हनलं, मॅडम, सत्तावीस साल झाले गाडी चालवून राह्यलो, चूक होतच नाही तं लिहू काय? त्यायनं फक्त माह्या खरचटलेल्या हनुवटीकडं पाह्यलं.

हनुवटीचं असं झालं. डिसेंबरात मंगरूळपीरच्या बस स्टँडसमोर एक बकरी आडवी आली. मी मागचा ब्रेक दाबला, चाक घसरलं, अन मी दोन कट्टे वांग्यासंगं डांबरावर आडवा. एसटी थांबली. अर्धी बस उतरून वांगे येचाले लागली, अर्धी फोन काढून शूटिंग कराले लागली. बकरीले काही झालं नाही. ते शूटिंग संध्याकाळपावतो नागपूरले तनुजाच्या फोनवर पोचलं. तनुजा माही पोरगी, तिथं दवाखान्यात नर्स हाय. तिले रोज फुटलेले डोक्से पाहा लागतात, म्हनून सोभाव जरा कडक झाला.

तिनं फोनवरच फैसला देला. सहा रविवारचा गाडी चालवाचा क्लास करायचा, शेवटच्या रविवारी परीक्षा. पास झालो तं चावी माही. नापास झालो तं गाडी इकायची अन भाजीपाला ऑटोनं न्यायचा. तोवर चावी तिच्या आईजवळ. जिजानं, म्हनजे माह्या बायकोनं, तवाच्या तवा चावी पदराच्या टोकाले बांधली. आता मले भाजीच्या बाजारात, गुजरीत, जायचं असलं की बायकोच्या पदराची गाठ सुटायची वाट पाहा लागते.

वावरातून गुजरी सहा किलोमीटर. हर्रास, मालाची बोली, दिवस निघाच्या अगोदर सुरू होते, अन ऑटोवाला चहा पिऊन, तंबाखू मळून, चार मानसं भरून मंग येते. तोवर माह्या सांबारानं, म्हनजे कोथिंबिरीनं, मान टाकली असन, अन मीही. गाडी गेली तं मी हातपाय असून घरी बसलेला मानूस होईन. हे इथंच लिहतो, जिजाजवळ बोललो नाही.

मॅडम म्हनजे कोन, तं मेडशीच्या देवमनची पोट्टी, धम्मदीपा. देवमन अन मी शाळेत एका बाकावर बसलो, संगं मार खाल्ला. हे पोट्टी रांगत होती तवा मी तिच्या घरी मुळे नेऊन देल्ले. आता पुन्याहून मोटारसायकलीचं मोठं शिक्षन घेऊन आली अन बाजार समितीच्या रिकाम्या आवारात आमाले शिकवते. गळ्यात शिट्टी हाय. आज मी गाडी जराशी पुढं घेतली तं शिट्टी वाजली. मी म्हनलं, आता काय झालं? तं म्हने, काका, स्टँड वर घ्या.

६ जानेवारी, मंगळवार
आजची चूक: काही नाही.

जिजा डोळे तपासाले वाशिमले गेली होती. येताना पासपोर्ट फोटो घेऊन आली. डोळे तपासाले फोटो कायले लागतात, मले समजलं नाही. पन दवाखान्याचं आजकाल काही सांगता येत नाही.

७ जानेवारी, बुधवार
आजची चूक: काही नाही. कुत्र्याची चूक.

तनुजानं नागपूरहून पार्सल धाडलं. पूर्न तोंड झाकनारं हेल्मेट. कोपरात, खांद्यात अन पाठीत टनक गाद्या घातलेलं जाकीट. हातमोजे. गुडघ्याच्या वाट्या. घोट्यावर येनारे बूट. सगळं घालून मी गुराच्या कोठ्याबाहेर आलो तं आमचाच कुत्रा माह्या पिंडरीले लोंबकळला. बुटामुळं दात लागला नाही, म्हनजे सामान मजबूत हाय. मी हेल्मेटातून त्याले नाव घेऊन हाका मारल्या, पन आवाज आतच घुमला.

गुजरीत तं विचारूच नका. एक म्हने, हिरालालभाऊ, बॅटिंग कराले चालले काय? दुसऱ्यानं बँकेच्या चौकीदाराले सावध केलं. मी कोनाले भाव देला नाही, पानकोबीले मात्र चांगला भेटला.

दुपारी मी जेवून बाजेवर पडलो होतो तं मॅडम भाजी घ्याले वावरात आल्या. जिजा त्यायच्या संगं मेथी खुडाले गेली. मले डोळा लागला.

११ जानेवारी, रविवार
आजची चूक: वटाना.

ही चूक खरी हाय, म्हनून लिहतो. शुक्रवारी गुजरीत माप इसरलो होतो, म्हनून हेल्मेट उलटं करून त्यानं वटाना मोजून देला. गिऱ्हाइकायले बम आवडलं, बाया एक हेल्मेट, अर्धं हेल्मेट करून घेऊन राह्यल्या होत्या. पन घरी येताना कानापाशी सारखी खडखड. मले वाटलं इंजिनचं काम निघालं. सरळ मिस्त्रीजवळ नेली. त्यानं अर्धं इंजिन खोललं, सगळं चांगलं. मी हेल्मेट काढलं तं आवाज बंद, घातलं तं चालू. शेवटी आतल्या गादीतून दोन वटाने निघाले.

मॅडमनं आज सगळ्याइच्या समोर सांगतलं की हेल्मेट हे टोपलं नाही, अन बसाले पाटही नाही. एकदा जोरात आपटलं की आतला थर्माकोल दबते, तो मार तो आपल्या डोक्शाऐवजी खाते, अन परत फुगत नाही. असं हेल्मेट वरून नवं दिसते पन कामाचं राहत नाही. आमी चौदा जन हाओत क्लासमधी, सगळ्याइनं माह्याकडं पाह्यलं.

मंग वळनं घ्याचा सराव. त्याले लागनारे रबरी शंकू अजून पुन्याहून आले नाही. मॅडम म्हने, काका, तुमच्या वावरात काय हाय? अशा रीतीनं माह्याच चोवीस पानकोब्या मैदानात ओळीनं मांडल्या अन मलेच त्याच्यातून नागमोडी गाडी काढाले सांगतली. सांगून ठेवलं होतं की नजर दूर ठेवा, जिथं पाहाल तिथं गाडी जाते. मी कोबीकडं पाह्यलं. माही कोबी हाय, मी नाही पाहीन तं कोन पाहीन? नऊ चिरडल्या.

घरी येऊन हे सगळं जिजाले समजावून सांगतलं. ती लक्ष देऊन आयकते. मधातच म्हने, अजी, वळताना नजर तं वळनाच्या शेवटाले ठेवा लागते ना? मी म्हनलं, तेच तं मी सांगून राह्यलो. बायकोले माही किती काळजी, शिकवलेलं सगळं पाठ करून ठेवते.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत.
किलोमीटर: लिहाचं राह्यलं.

मॅडम आज परत भाजीले आल्या. चार जुड्या मेथी, दोन सांबाराच्या. गेल्या बुधवारीही एवढंच नेलं. एकट्या पोट्टीले एवढं सांबार कायले लागते? बीपी असन. मी झोपाले गेलो.

जिजाचं हळदीकुंकू होतं. बाया दरसाल वान म्हनून कंगवा लुटतात, चाळनी लुटतात. आमच्या बाईनं रेडियमच्या चमकत्या पट्ट्या लुटल्या, एकेकीले चार-चार. म्हने, हेल्मेटले, गाडीले लावा, अंधारात दिसते. हे तिले कोनं सांगतलं, मीच सांगतलं असन. आता शेजारच्या फुलचंदच्या बायकोनं पट्ट्या म्हशीच्या शिंगाले लावल्या. सांज झाली की वावराच्या धुऱ्यावरून दोन लाल रेघा हलत येतात, अन गुजरीतून येनारे मानसं गाड्या हळू करतात. म्हनजे पट्टी काम करते.

बाया जाताना माह्याकडं पाहून तोंडाले पदर लावून हासत होत्या. संक्रांतीले बाया हासतातच.

१८ जानेवारी, रविवार
आजची चूक: सहा कोब्या. (सुधारना हाय.)

आज मुंगीच्या चालीनं गाडी चालवाची होती. चुन्याची रेघ मारली, तिच्यावरून सगळ्यात उशिरा जो पोचन तो पहिला. पाय टेकवला की बाद. सगळे पोट्टे बाद झाले, मी राह्यलो. मले सवय हाय, साठ किलो वांगे लादून मी चिखलातून गाडी काढतो. मॅडमनं टाळ्या वाजवल्या. देवमनची पोट्टी तशी चांगली हाय.

पन मंग त्या माह्या गाडीजवळ आल्या. पुढच्या ब्रेकच्या दांडीले मी लिंबू-मिरची बांधली हाय अन तिथंच डब्याची पिशवी अडकवतो. त्या म्हने, काका, हा हूक नाही, हा ब्रेक हाय. मी म्हनलं, मले माहीत हाय. त्या म्हने, गाडी थांबवाचं निम्म्याहून जास्त काम हाच करते. मी म्हनलं, आमच्या इकडं मागचाच वापरतात, पुढचा दाबला की मानूस उलथते. अन विषय बदलवला.

२२ जानेवारी, गुरुवार
किलोमीटर: ४१,४०२. परवा संध्याकाळी होतं ४१,३९१.

इथं काहीतरी गडबड हाय. काल मी गाडीले हातच लावला नाही. मंग अकरा किलोमीटर वाढले कसे?

आनखी एक. हेल्मेटाचा पट्टा घट्ट होते. मी ढिला करून ठेवतो, गुरुवारी पाहा तं परत घट्ट, माही हनुवटी त्यात मावत नाही. अन हेल्मेटाले आवळ्याच्या तेलाचा वास येते. मी तं खोबऱ्याचं लावतो. जिजाले विचारलं तं म्हने, थंडीनं पट्टा आकसला असन. असन. पन थंडीले आवळ्याचा वास कसा येते?

कोनीतरी माही गाडी चोरून चालवून राह्यलं अन परत आनून ठेवून राह्यलं. फुलचंदवर शक हाय. तो माहा फावडा नेते अन देत नाही.

२४ जानेवारी, शनिवार
आजची चूक: पीठ.

काल जेवनानंतर कोठ्यात गाडीच्या भोवताल ज्वारीचं पीठ पसरवलं अन झोपलो. उठून पाह्यलं तं चोर सापडल्यातच जमा. पिठात अनवानी पायाचे ठसे, गाडीपावतो गेलेले. लहान पाय. जिजा पीठ कोनं सांडलं म्हनून दोन घंटे बोलली. मी तिले सांगतलं नाही. बायकोमानूस, घाबरली असती.

सुताच्या दोऱ्यानं ठसा मोजला अन आज फुलचंदकडं गेलो. त्याले म्हनलं, जरा पाय दे. त्यानं देला. दोऱ्याहून दोन बोटं मोठा निघाला, म्हनजे फुलचंद सुटला. पन त्याले वाटलं मी त्याच्यासाठी चपला आनून राह्यलो. डोळ्यात पानी आनून म्हने, हिरालाल, एवढ्या सालात कोनी माह्या पायाचं माप घेतलं नव्हतं. आता चपला आना लागतीन.

निंगताना तो म्हने, हिरालाल, दुपारची झोप कमी करत जा. मी म्हनलं, माह्या झोपेचं तू पाहू नको, फावडा आनून दे.

२५ जानेवारी, रविवार
आजची चूक: आजची नाही, सत्तावीस सालाअगोदरची.

आज ब्रेकचा धडा. पुढचा अन मागचा मिळून, दांडी एकदम न आवळता लिंबू पिळल्यासारखी हळूहळू दाबायची, हँडल सरळ ठेवायचं. सगळ्याइनं केलं. माही पाळी आली तं मी पोटात दुखते म्हनून बसलो. मॅडम जवळ येऊन बसल्या, पान्याची बाटली देली.

कोनाले दाखवायचं नाही म्हनते, तं इथं लिहतो. लग्नाले सहा महिने झाले होते. नवीन गाडी. मी जिजाले तिच्या माहेरी जऊळक्याले घेऊन चाललो होतो, तिनं हिरवी साडी घातली होती. स्टेशनच्या अलीकडं वळन हाय, तवा तिथं मुरूम टाकला होता. कुत्रं आलं. मी पुढचा ब्रेक गच्च दाबला. मी उठलो, जिजा उठली नाही. तिच्या डाव्या हाताचं कोपर मोडलं. ते आजही पूर्न सरळ होत नाही, भाकर थापताना पाहा, हात वाकडाच राहते. तिनं मले कधी एका शब्दानं टोचलं नाही. टोचलं असतं तं बरं झालं असतं.

तवापासून त्या दांडीले मी हात लावला नाही. अगोदर लिंबू-मिरची बांधली, मंग पिशवी अडकवाले लागलो. लोकायले वाटते हूक हाय.

४ फेब्रुवारी, बुधवार
किलोमीटर: परत वाढलं.

जिजा लंगडून राह्यली. गुडघ्याले हळद लावली होती. म्हने, पान्याच्या पाटात पाय घसरला. मी तिले चांगलं समजावलं की चालताना नजर दूर ठेवत जा, पायाकडं पाहू नको. ती हाव म्हनली. मले वाटते हासू दाबत होती, पन दुखन्यानं तोंड तसं झालं असन.

तिकडं चोरानं माह्या जाकिटाचं कोपर घासून आनलं. आतली गादी शाबूत हाय. बदमाश पडला कुठीतरी. देव करो अन जोरात पडला असो.

मॅडमनं आजही चार जुड्या मेथी नेली. मी जिजाले म्हनलं, ते पोट्टी मेथीच्या भाजीची खानावळ चालवते काय?

७ फेब्रुवारी, शनिवार
आजची चूक: भ्यालो.

उद्या परीक्षा. तनुजाचा फोन होता. म्हने, बाबा, चाळीसच्या स्पीडवरून पंधरा पावलांच्या आत थांबा लागते. मागच्या रविवारी मॅडमनं माप घेतलं होतं, माही गाडी फक्त मागच्या ब्रेकवर चोवीस पावलांनं थांबली. त्यायची बारा पावलांनं. हिशोब सरळ हाय. पुढच्या ब्रेकशिवाय पंधरात बसत नाही.

संध्याकाळी कोठ्यात जाऊन लिंबू सोडाले बसलो. गाठ सुटली नाही. खरं म्हनजे मी ओढलीच नाही.

८ फेब्रुवारी, रविवार
आजची चूक: आज बसून लिहा लागन.

नागमोडी पास. एकही कोबी चिरडली नाही. मुंगीची चाल पास, पहिला नंबर. मंग ब्रेक. मी गाडी चाळीसवर नेली, मॅडमची शिट्टी वाजली, माही बोटं दांडीवर गेली, लिंबू हाताले लागलं, अन बोटं आपोआप मागं आली. गाडी सव्वीस पावलांनं थांबली अन जाताना सात कोब्या घेऊन गेली. मॅडम म्हनल्या, काका, याच्यात नापास. खाली पाहूनच म्हनल्या.

मी गाडी स्टँडवर लावली, हेल्मेट अन जाकीट सीटवर ठेवलं अन आवाराच्या कोपऱ्यात चहाच्या टपरीवर जाऊन बसलो. चहा काही गोड लागला नाही. मनात म्हनलं, हिरालाल, झाला तुहा कार्यक्रम, आता ऑटोवाल्याची मर्जी सांभाळ.

तेवढ्यात माह्याच गाडीचा आवाज आला. मी वळून पाह्यलं तं माही गाडी, माहं हेल्मेट, माहं जाकीट, अन आत कोनी दुसरंच. आठ काढून राह्यलं होतं, कोब्याइच्या मधून, असं की मी कधी काढलं नाही. चोर! महिनाभर चोरून चालवली अन आता भर परीक्षेत, सगळ्याइच्या समोर घेऊन आला. वरून ओळख पटू नये म्हनून बदमाशानं साडी घातली होती, खाली पँट अन बूट. मॅडम तिथंच उभ्या, त्यायनं काही म्हनू नये? मी कप फेकला अन धावलो. गाडी मैदानाच्या टोकाले गेली, वळली अन सुसाट माह्या इकडं आली. मी हात पसरवून चुन्याच्या रेघीवर मधातच उभा राह्यलो. मॅडमची शिट्टी वाजली, सगळे ओरडले. मले एकच दिसत होतं, चोर.

गाडी थांबली. घसरली नाही, डोलली नाही, कोनी उलथलं नाही. पुढचं चाक अन माहा गुडघा याच्या मधात एक पानकोबी बसन एवढी जागा राह्यली होती. तिच्या डाव्या हाताचं कोपर वाकडं होतं, अन ते मी कुठंही ओळखीन. हेल्मेट निंगालं, त्यातून जिजाचं तोंड निंगालं, कपाळावरचं कुंकू घामानं पसरलेलं.

मले वाटलं आता ओरडन. ती हळूच म्हनली, "अजी, नजर दूर होती म्हनून दिसले तुमी. जवळ पाहत असती तं आज दवाखान्यात बसलो असतो."

मॅडमनं पावलं मोजली. तेरा. जिजा पास.

मंग सगळं समजलं. डिसेंबरात तनुजानं हे आमा दोघाइच्या नावानं ठरवलं होतं. वाशिमले डोळे तपासाले नाही, शिकाऊ लायसन काढाले गेली होती. मॅडम दर बुधवारी मेथीच्या नावानं तिले गाडी शिकवाले येत होत्या, ती मेथी क्लासच्या पोट्ट्याइले वाटत होत्या. फुलचंदले माहीत होतं, गावातल्या बायाइले माहीत होतं, कुत्र्यालेही माहीत असन. मले राग आला. घरापावतो पायी आलो. सहा किलोमीटरमधी राग मात्र संपला, कारन बूट नवे होते अन चावून राह्यले होते.

९ फेब्रुवारी, सोमवार
किलोमीटर: ४१,६३०
आजची चूक: लिहतो.

गाडी इकाची नाही, असं ठरलं. घरातलं कोनीतरी पास झालं ना, तनुजा म्हनली. चावी जिजाच्या पदरालेच राह्यली. मले पाहिजे तं परत परीक्षा देता येईन, एक मार्चले.

आज गुजरीत माल जिजानं नेला. पन शिकाऊ लायसनवाल्यासंगं पक्कं लायसनवाला लागते, तसा कायदा हाय, म्हनून मी मागं बसून गेलो. गुजरीत सगळ्याइले मी हेच सांगतलं. मांडीवर सांबाराचं गाठोडं होतं. जिजा गाडी बरी चालवते. खड्डा माह्या अगोदर दिसते तिले.

येताना तिनं धुऱ्याजवळ गाडी थांबवली, खाली उतरली अन दांडीचं लिंबू सोडाले लागली. मी म्हनलं, राहू दे. तिचं कोपर मले दिसत होतं. मले बोलाचं होतं ते सत्तावीस साल राह्यलं होतं, आज निंगालं. म्हनलं, जिजा, तवा मी तो ब्रेक दाबला नसता तं तुहा हात सरळ राह्यला असता.

ती म्हनली, "ब्रेकची चूक नव्हती. मुरूम होता, वळन होतं, हँडल वाकडं होतं, अन तुमी गच्च दाबला. कोनी शिकवलंच नव्हतं, तं तुमी काय करसान? मले हे तिसऱ्या बुधवारी समजलं. तवापासून तुमाले सांगाचं होतं, पन तुमी झोपले राहत होते."

मले रडू आलं. हेल्मेट डोक्शात होतं, म्हनून कोनाले दिसलं नाही. हेल्मेटाचा हा फायदा मॅडमनं सांगतला नव्हता.

लिंबू तिनं सोडलं अन वावरात फेकलं. वाळून दगड झालं होतं.

१८ फेब्रुवारी, बुधवार
आजची चूक: पुढचा ब्रेक एकदम दाबला. (चार वेळा.)

मी ठरवलं, जे तिनं केलं ते मीही करीन. दुपारी जिजा लवंडली की मी गाडी घेऊन बाजार समितीच्या मैदानात. चावी पदराले असते, झोपेत हळूच गाठ सोडतो अन येऊन परत बांधतो. झोप तिची लय गाढ हाय, दोनदा तं सोता कुशीवर झाली अन गाठ माह्या बाजूनं आली. तिले काही पत्ता नाही. आज अठरा पावलं.

२३ फेब्रुवारी, सोमवार
आजची चूक: तीन कोब्या.

आज सोळा. पडलो नाही. हँडल सरळ, लिंबू पिळल्यासारखं हळूहळू. पहिल्यांदा दांडी दाबली तवा डोळे मिटत होतो, आता उघडे राहतात. डोळे उघडे ठेवले की बरंच सोपं जाते.

दोन कोब्या घरून नेल्या होत्या, तिसरी फुलचंदच्या वावरातली. तो नव्या चपला घालून पाहाले आला होता. फावडा त्यानं परत देला.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार
किलोमीटर: ४१,८१२

चौदा पावलं. तीन वेळा मोजलं, तीनही वेळा चौदा. मैदानात कोनी नव्हतं म्हनून कोबीलेच सांगतलं. आंगात वारं भरल्यासारखं झालं, खोटं नाही.

परवा परीक्षा. आज एक नवल झालं. दुपारी हेल्मेट घातलं तं पट्टा माह्या मापाचाच होता, कोनी अगोदरच ढिला करून ठेवल्यासारखा. उन्हाळा लागून राह्यला, पट्टा आपोआपच सैल झाला असन. अन पदराची गाठ सोडाची गरजच पडली नाही. जिजा भिंतीकडं तोंड करून झोपली होती अन चावी दाराजवळच्या खुंटीवर लटकून होती.

आजची चूक: चावी खुंटीवर इसरली. जिजाची, माही नाही.